भांडणाची ओळ

मुन्शीजी पुस्तक शेवटून वाचायचे. शेवटचं पान आधी, एवढंच नव्हे. शेवटच्या पानावरचा शेवटचा शब्द आधी, मग त्याच्या अलीकडचा, मग त्याच्याही अलीकडचा. ओळीखाली एक पितळी पट्टी धरायची आणि उजवीकडून डावीकडं सरकत जायचं. ओठ हलायचे, आवाज नसायचा. पहिल्या दिवशी ते बघून मला वाटलं, यांना वाचता येत नसावं आणि हे मालकांपासून लपवताहेत. मी स्वतः काहीबाही लपवूनच तिथं उभा होतो, म्हणून मला तसं सुचलं असेल.

“गोष्ट दिसली की चूक दिसत नाय,” ते मला पुढं म्हणाले. “म्हून गोष्टीला पाठमोरी बसवायची. मंग एकेक शब्द गुमान समोर येतो.”

औरंगाबादला गुलमंडीच्या मागच्या गल्लीत एक छापखाना होता. तिथं ते प्रुफं तपासायचे आणि मी खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचो. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला वीसेक वर्षं होऊन गेली होती. मी भंडाऱ्याकडचा. सहावीतून शाळा सुटली, वडील गेले, आणि एका लांबच्या मामाच्या भरवशावर दोन रात्रींचा प्रवास करून, मनमाडला गाडी बदलून, या कोरड्या मुलखात येऊन पडलो. मामा महिन्याभरात बदली होऊन निघून गेला. मी मालकांना सातवी पास म्हणून सांगितलं होतं. तेव्हापासून जिन्यावर पाऊल वाजलं की मला वाटायचं, आता दाखला मागतील.

दाखला मालकांनी मागितला नाही. मुन्शीजींनी एके दुपारी मला जवळ बोलावलं आणि एक कागद पुढं केला. “वाच.”

मी वाचलं. तिसऱ्या ओळीत एका जोडाक्षराला अडलो. पाचव्या ओळीत पुन्हा.  मालक आतल्या खोलीतून ऐकत होते.

“किती वेळ लावतोय हा,” मालक म्हणाले. “खरंच सातवी झालीय का?”

मुन्शीजींनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. “झालीय जी,” ते म्हणाले. “सावकाश वाचतो. आपल्याला सावकाशच वाचणारा पायजे. भरभर वाचणारे चुका खाऊन टाकतेत.”

त्या एका वाक्यावर मी तिथं राहिलो. त्यांनी खोटं सांगितलं, आणि मग ते खरं व्हावं म्हणून पुढची चार वर्षं रोज दुपारी मला वाचायला बसवलं.

ते अंगानं किडकिडीत होते. काळी शेरवानी, मे महिन्यातही गळ्यापर्यंत बटणं लावलेली. निजामाच्या काळात कुठल्याशा कचेरीत दीड वर्ष मुन्शी होते, तेवढ्यावरून नाव पडलं ते कायमचं. मूळचे पिशोरच्या पलीकडच्या एका खेड्यातले, शेतकरी घरातले. शाळा सगळी उर्दूत झालेली. छापखान्यात कुणी त्यांना म्हटलं की मुन्शीजी, एक बटण तरी काढा, तर म्हणायचे, “काढलं तर सगळ्यांलाच हवा लागंल.” याचा अर्थ मला आजही नीट लागलेला नाही.

दुपारची वेळ माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. जेवणं झालेली, मशीन बंद, दाराला वाळ्याचा पडदा, त्यावर मारलेल्या पाण्याचा वास. बाहेर उन्हानं गल्ली पांढरी पडलेली. आम्ही दोघं समोरासमोर बसायचो. मी मूळ पुस्तक हातात धरून मोठ्यानं वाचायचो, ते प्रुफावर पट्टी सरकवायचे. वाचायचं ते विरामचिन्हांसकट. “तो उठला स्वल्पविराम दाराशी गेला स्वल्पविराम आणि क्षणभर थांबला पूर्णविराम.” हळूहळू माझा आवाज माझाच राहायचा नाही. ते स्वल्पविराम झाडावरून गळणाऱ्या पानांसारखे खाली यायचे, आणि मी कुठल्या तरी परक्या माणसांच्या घरात, त्यांच्या भांडणांत, त्यांच्या लग्नांत हिंडत असायचो. कधी कधी वाटायचं, मुन्शीजी झोपले. डोळे अर्धे मिटलेले. तेवढ्यात पट्टी थांबायची. “भंडारा, तिथं ऱ्हस्व हाय का दीर्घ?”

मशीनवर एक चाचा होते, मुन्शीजींचे जुने दोस्त. पडद्याआडून ते ओरडायचे, “क्या रे चावल, आज भी रुलाएगा क्या?” मी भातखाऊ मुलखातला म्हणून त्यांनी मला चावल हे नाव ठेवलं होतं. वाचन ऐकल्याशिवाय ते विडी पेटवत नसत.

मग ती कादंबरी आली.

तिचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर तुमच्यातले निम्मे जाऊन आधी शेवट वाचतील. जुनी, नावाजलेली कादंबरी. पुण्याच्या एका प्रकाशकाला तिची स्वस्त आवृत्ती काढायची होती आणि काम आमच्याकडं आलं. एक माणूस घर सोडून निघतो, कारण त्यानं एका गावाविषयी ऐकलेलं असतं. सबंध पुस्तकभर तो चालतो. अखेरीस संध्याकाळ होते आणि पुस्तक म्हणतं: “समोर गावाचे दिवे दिसू लागले.” त्याखाली स्वतंत्र एक ओळ: “गाव आलं, आणि वाटलं, चालतच राहिलो असतो तर बरं झालं असतं.” संपलं.

मालकांनी ते पुस्तक टेबलावर ठेवलं, तेव्हा मुन्शीजींनी त्याला हात लावला नाही. एखादा भाऊबंद बऱ्याच वर्षांनी दारात दिसावा तसं त्याच्याकडं पाहिलं.

“आली का बया,” म्हणाले.

हळूहळू सगळं कळलं. पोलीस ॲक्शनच्या आधी ते निजामाविरुद्ध सरहद्दीपलीकडच्या एका कॅम्पात जाऊन राहिले होते. पंचवीस-तीस पोरं, तंबू, आणि पुस्तक असं एकच, ही कादंबरी. मराठी अक्षरं ते तिच्यावरच गिरवायला शिकले. संध्याकाळी कुणीतरी मोठ्यानं वाचायचं. संपली की पुन्हा पहिल्यापासून.

“पर त्या प्रतीला शेवटचं पानच नव्हतं,” मुन्शीजी म्हणाले. “आमची गोष्ट दिव्यांवर संपायची. दिवे दिसले की पोरं टाळ्या वाजवायची. आमाला काय ठावं, फुडं एक ओळ हाय म्हून!”

“मग कधी कळलं?” मी विचारलं.

“सगळं झाल्यावर. इथल्या वाचनालयात. उभ्या उभ्या शेवटचं पान उघडलं.” त्यांनी पट्टी पालथी ठेवली. “थकला होता गा लेखक. एक रात झोपला असता त्या गावात, सकाळी उठून चहा पिला असता, तर आसं लिवलं नसतं. लबाड ओळ हाय ती. बिलकुल लबाड.”

वीस वर्षं ते त्या ओळीशी भांडत होते. रस्त्यानं चालता चालता मधेच म्हणायचे, “बरं झालं असतं म्हणं! कसं काय बरं झालं असतं?” जवळून जाणारा दचकून बाजूला व्हायचा.

त्यांच्या गावाचं मात्र त्यांनी एकदाच सांगितलं, तेही चाचा पाणी प्यायला बाहेर गेले होते तेव्हा. पोलीस ॲक्शन होऊन मुलूख निजामाकडून सुटला आणि ते कॅम्पातून पायी गावाकडं निघाले. वेशीवर गुलाल उधळलेला. कुणी हार घातला. वेशीच्या आत चार घरं जळालेली. त्यातलं एक त्यांच्या उस्तादांचं. ज्यांनी त्यांना उर्दूचा पहिला अलिफ गिरवायला शिकवला त्यांचं.

“हार काढून कुठं ठिवावा ते समजंना,” ते म्हणाले. “तसाच गळ्यात घालून माघारी फिरलो.”

 चाचा आत आले, तोंड पुसत. मुन्शीजींनी पट्टी उचलली. “हां, वाच. कुठं होतो आपण?”

आता माझी चूक सांगतो. मुन्शीजींचं एक म्हणणं होतं, की शब्दांच्या मध्ये जागा सोडावी. “माणसं बी लई खेटून बसली की एकमेकाला कोपर मारतेत.” मालकांचं म्हणणं उलटं; घट्ट जुळवा, कागद वाचवा. मी बाकी सगळं पुस्तक मालकांच्या म्हणण्याप्रमाणं जुळवलं आणि शेवटचं प्रकरण मुन्शीजींच्या. कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, वीस वर्षं भांडलेत त्या पानाशी, निदान ते दिसायला तरी मोकळं असू दे. प्रत्येक शब्दाशेजारी मी थोडी थोडी हवा ठेवत गेलो, आणि त्या हवेनं घात केला. पानं बांधली तेव्हा शेवटचं पान भरून वाहिलं. एक ओळ बाहेर राहिली. शेवटचीच.

सोळा पानांचा एक फर्मा छापायचा, आणि हे शेवटच्या फर्म्याचं सोळावं पान. बाकीची पानं आवळून मशीनवर चढलेली. त्या पानावर सगळे संवाद, एकेका ओळीचे. एखादा शब्द वर सरकवून जागा करावी म्हटलं तर तसंही करता येईना. कागद परमिटवर आलेला, मोजून कापलेला. तळाला मात्र एका ओळीची जागा अडलेली होती: मधोमध ‘समाप्त’, दोन्ही बाजूंना एकेक फूल.

मालक आले. पान बघितलं, माझ्याकडं बघितलं.

“समाप्तला हात लावायचा नाही,” ते म्हणाले. छापखाना त्यांच्या वडिलांचा. वडिलांनी एकदा घाईत एक पुस्तक समाप्तशिवाय छापलं आणि त्याच वर्षी ते अंथरुणाला खिळले. तेव्हापासून सुरुवातीला श्री आणि शेवटी समाप्त, हे त्या घरात देवाच्या दिव्यासारखं पाळलं जायचं. “ती वरची ओळ काढ. नाहीतरी कुणाला आवडतेय? मुन्शीजी तर पेढे वाटतील. आणि पुन्हा असं काही केलंस ना, तर गाठोडं बांधायचं आणि भंडाऱ्याची गाडी धरायची. कळलं?”

कळलं होतं. घरी आई सगळ्यांना सांगत होती की माझा मुलगा पुस्तकं करतो. मी कोणत्या तोंडानं परत जाणार होतो?

मी ती ओळ काढली. शिशाची ओळ, दोऱ्यानं बांधून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. खिळे परत केसच्या लाकडी खणांत टाकायला मात्र हात धजेना. आणि खरं सांगू? भीती होती, पण तिच्याखाली आनंदही होता. मला वाटलं, मी मुन्शीजींना त्यांची कॅम्पातली प्रत परत देतोय. दिव्यांवर संपणारी. त्यांनी माझ्यासाठी केलं त्याच्या बदल्यात माझ्याजवळ द्यायला दुसरं होतं काय?

जेवणानंतर प्रूफ त्यांच्यापुढं ठेवलं आणि त्यांचा चेहरा बघत उभा राहिलो.

त्यांनी पट्टी ठेवली. शेवटून. फूल, समाप्त, फूल. पट्टी एक ओळ वर सरकवली. बोट ‘लागले’ या शब्दावर येऊन थांबलं.

पडदा हलत होता. त्यातून उन्हाचे बारीक ठिपके कागदावर येत-जात होते.

“फुडची कुठंय?” त्यांनी विचारलं.

“जागा नव्हती,” मी म्हणालो. “आणि तुम्हालाही ती... म्हणजे आता तुमच्या कॅम्पातल्यासारखं झालं, मुन्शीजी.”

मी त्यांना कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. तेव्हाही आवाज चढला नाही. फक्त शेरवानीच्या गळ्याशी हात गेला.

“तुला कुणी सांगितलं काढायला?”

“मालकांनी. पण मला वाटलं, तुम्ही खूश...”

“म्या तिच्याशी भांडतो, ते माझं मी बगंन. भांडायला ती तिथं पायजे का नको? आं? उद्या एखादं पोरगं हे पुस्तक वाचंल. दिव्यावर टाळ्या वाजवंल आन् घरी जाईल. मंग त्याला मी काय सांगू? का आमी बी आसंच वाजवल्या होत्या?”

पडद्याआडून चाचा म्हणाले, “क्या हुआ रे?”

“कुछ नहीं. इधर आओ जरा. और चिमटा लाओ.”

मुन्शीजींनी कधी खिळ्यांना हात लावला नव्हता. त्यांचा संबंध कागदाशी. त्या दिवशी ते उठले, बाही मागं सारली आणि बांधलेल्या पानावर वाकले. चाचांनी पान आवळणारी कुलपं सैल केली. मुन्शीजींनी आधी एक फूल उचललं, मग दुसरं, मग अक्षर अक्षर करून समाप्त.  एक अक्षर निसटून जमिनीवर पडलं, ते मी शोधून दिलं.

“अरे, पर सेठ?” चाचा म्हणाले. “उनो समाप्त के बगैर नक्को बोले ना?”

“समाप्त काय लेखकानं लिवलंय व्हय?” मुन्शीजी म्हणाले. “ते आपलं हाय. आपलं असंल ते आपण काढावं. त्याचं कामून काढायचं?”

खिडकीच्या कट्ट्यावरची ओळ मी आणून दिली. ती त्यांनीच बसवली. उलट्या अक्षरांतली ओळ, पण त्यांना उलटं वाचायची काय अडचण! नवं प्रूफ काढलं. त्याच्या कोपऱ्यात त्यांनी लाल शाईनं ‘छापा’ लिहिलं आणि खाली सही केली. एरवी सहीचं फक्त पहिलं अक्षर असायचं. त्या दिवशी पूर्ण नाव.

“मालक मला काढतील,” मी म्हणालो.

“सही कोणाची हाय?”

चाचांनी मशीन सुरू केलं. कागद जात राहिला, येत राहिला. मी दाराकडं कान लावून बसलो होतो. मुन्शीजी मात्र खुर्चीत डोळे अर्धे मिटून बसलेले, जणू काही कुणीतरी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवतंय.

पुस्तकं बांधून गेली. मालकांनी वरची प्रत चाळली, मुखपृष्ठ पाहिलं, मागून उघडलं नाही. महिनाभर काही झालं नाही. मग वैजापूरच्या एका वाचनालयाचे चिटणीस एसटीनं आले, पिशवीत तीन प्रती. घाम पुसत मालकांसमोर बसले.

“मालक, तुमच्या पुस्तकाचं शेवटचं पान पडलंय. तिन्ही प्रतींत. वाचक माझ्याशी भांडायलेत. एक मास्तर तर म्हणाले, आसा कुठं शेवट असतो व्हय? फुडचं पान आणा.”

मालकांनी प्रत मागून उघडली.  मग आम्हा तिघांना आत बोलावलं.

“समाप्त कुठंय?”

चाचा फडक्याला हात पुसू लागले.

“कुणी काढलं?” त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “तू जुळवलंस ना हे पान?”

हेच ते. इथंच मला बोलायचं होतं. जागा माझ्यामुळं कमी पडली, असं सांगायचं होतं. पण डोळ्यांपुढं आई होती, मनमाडचा फलाट होता, हातातलं गाठोडं होतं. मी खाली बघत राहिलो. चाचांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि तेही खाली बघू लागले.

“म्या काढलं,” मुन्शीजी म्हणाले. “माझ्या हातानं. प्रुफावर सही हाय, बगा. पोराला म्या त्या पानाला हात बी लावू दिला नाय.”

मालकांचा आवाज एकदम उतरला. “मुन्शीजी, तुम्हाला माहीत होतं ना, आमच्याकडं काय समजतात ते? वडिलांचं माहीत होतं ना?”

“व्हय जी. माहीत होतं.”

“मग आता मी काय करू?”

“तुमाला करायची जरूर नाय,” मुन्शीजी म्हणाले. त्यांनी चिटणिसांकडं वळून हात जोडले. “साहेब, पान पडलेलं नाय. एवढंच हाय. मास्तरांना माझा नमस्कार सांगा.” आणि जिना उतरून गेले. भर उन्हात. चाचा मशीनपाशी गेले आणि बंद मशीन पुसत बसले.  पुढं कितीतरी दिवस मला चावल म्हणून हाक आली नाही.

मी मुन्शीजींकडं जायला तीन आठवडे लावले. लष्कराच्या छावणीत एका बराकीसारख्या चाळीत त्यांची खोली होती. दुपारची वेळ होती. मैदानावर पलटणीचा बँड सराव करत होता, एकच तुकडा पुन्हा पुन्हा, आणि तो वाऱ्यानं कधी जवळ यायचा, कधी पार विरून जायचा. मुन्शीजी जवानांची पत्रं लिहून द्यायला लागले होते. दाराशी एक तरणा शिपाई बसला होता, डोळे पुसत. तो उठून गेल्यावर मी आत गेलो.

“ये भंडारा. बस. चहा करतो.”

“मी बोलायला पाहिजे होतं,” मी उभ्यानंच म्हणालो. तीन आठवडे तेवढंच पाठ केलं होतं.

“काय बोलला असतास?”

“की चूक माझी. जागा मी खाल्ली. ओळही आधी मीच काढली होती.”

“मंग दोघं बी इथं येऊन पडलो असतो. ह्या खोलीत दुसरी खाट बसती का बग.” ते हसले. मला हसू आलं नाही, तेव्हा म्हणाले, “पोरा, मला तिथं उस्तादांच्या दारात बोलायचं होतं. मी बी नाय बोललो. आता बस.”

मी बसलो. स्टोव्ह पेटत नव्हता. त्यांनी दोनदा पिन मारली. चहा झाला. बशीत ओतून आम्ही प्यायलो. बँड थांबला होता. एवढं शांत झालं की कपावर माशी बसल्याचंही ऐकू यावं. मग मी विचारलं, जे मला विचारायचं नव्हतं.

“मुन्शीजी, तुम्ही तर म्हणायचात ती ओळ खोटी आहे. मग तिच्यासाठी नोकरी कशाला घालवलीत?”

त्यांनी बशी खाली ठेवली. शेरवानीचं गळ्याशेजारचं बटण चाचपलं, ते लावलेलंच होतं. मैदानाकडं बघत राहिले. बँडवाल्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, तेव्हा कुठं ते बोलले, आणि माझ्याकडं न बघता बोलले.

“खोटी असती, तर वीस वर्षं भांडलो असतो व्हय रं?”